वैशालीच्या हिरडीवरची निळी रेघ

"मॅडम, परत आलं," वैशाली म्हणाली आणि खुर्चीत बसायच्या आधीच तिने वरचा ओठ बोटाने वर उचलला.

खरंच परत आलं होतं. वरच्या उजव्या बाजूला, सुळा आणि त्याच्या शेजारचा दात जिथे हिरडीत शिरतात तिथे, निळी रेघ. बॉलपेनने ओढावी इतकी बारीक. पंधरा दिवसांपूर्वी मीच ती साफ केली होती. साफ झाल्यावर तिच्या हातात आरसा दिला होता आणि आम्ही दोघी हसलो होतो.

आज कोणी हसत नव्हतं. वैशालीच्या मागे तिची मावशी उभी होती, हातातली पिशवी छातीशी धरून.

"सोमवारी बॅच जॉइन होणार," मावशी म्हणाली. "कंपनीचा डॉक्टर म्हणतो, हे निळं कशाने येतं ते सांगा, तरच सही करतो. नाय तर हिच्या जागी दुसरी पोरगी. आज गुरुवार हाय मॅडम."

मी दातांची डॉक्टर आहे. उल्हासनगरला एका सीनियर डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये काम करते. त्यांना मी सर म्हणते. आमचं गाव बदलापूरच्या पुढे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, आणि टूथब्रश नावाची वस्तू आमच्या घरात आली तेव्हा मी आठवीत होते. नोकरी मागायला सरांकडे गेले तेव्हा इंग्रजीत दोन वाक्यं बोलून तिसऱ्याला अडकले. सर सिंधी, सगळं आयुष्य उल्हासनगरातल्या निर्वासितांच्या कॅम्पात गेलेलं. ते म्हणाले, "बेटा, दात इंग्लिश बोलत नाहीत. उद्यापासून ये." त्या एका वाक्यासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. असो.

वैशाली बारवी धरणाकडच्या एका पाड्यातली. बारावी झालेली. नोकरी शोधायची म्हणून उल्हासनगरला मावशीकडे येऊन राहिली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तिची निवड झाली. पॅकिंग विभाग, पीएफ, कंपनीची बस. तिच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार घेणारं आजवर कोणी नव्हतं. फक्त मेडिकल बाकी होती, आणि मेडिकलमध्येच ही रेघ आडवी आली.

ती का आडवी आली, ते जरा सोपं करून सांगते. त्या कारखान्यात शिसं वापरतात. शिसं शरीरात गेलं की रक्तातून हिरड्यांपर्यंत पोहोचतं. दातांच्या कडेला साचलेल्या मळात जिवाणू असतात, ते एक प्रकारचा वायू सोडतात. शिसं आणि तो वायू यांची गाठ पडली की हिरडीच्या काठावर निळसर काळी रेघ उमटते. म्हणून शिशाच्या कारखान्यांतले डॉक्टर कामगारांचे ओठ उचलून बघतात. वैशालीचा ओठ उचलला, आणि कामावर न जाताच रेघ हजर!

पण हिरड्यांवर किंवा दातांच्या कडेला रंग दिसला की तो रोगच असतो असं नाही. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी किंवा काळसर असतात. कातडीला रंग देणारं द्रव्य तिथेही असतं, एवढंच. त्याला औषध लागत नाही, लाजही वाटायचं कारण नाही. मिश्री, तंबाखू, पान यांचे डाग दातांच्या मुळाशी बसतात. लोहाचं पातळ टॉनिक तोंडात घोळवत प्यायलं तर दात काळे पडतात. काही माउथवॉश रोज महिनोन्‌महिने वापरले की तपकिरी डाग येतात. दातावर धातूची कॅप असेल तर तिच्या कडेला करडी रेघ दिसते. जुन्या चांदीच्या फिलिंगचा कण हिरडीत राहिला तर तिथे गोंदल्यासारखा निळा ठिपका कायमचा राहतो. थोडक्यात, रंग एकच दिसला तरी तो घेऊन येणारे अनेक.

पहिल्यांदा वैशाली आली तेव्हा मी एक साधी गोष्ट बघितली. रंग हिरडीच्या आत आहे की दातावर बाहेरून चिकटलाय? शिशाची रेघ आत असते, ती खरवडून जात नाही. हिची गेली. स्केलिंग केलं, म्हणजे मशीनने दातांवरचा थर काढला, आणि रेघ साफ. मी कंपनीच्या डॉक्टरांना कळवलं की डाग बाहेरचा होता, निघून गेला. रक्त तपासायला त्यांनी आधीच पाठवलं होतं. तो रिपोर्टही नॉर्मल आला. मला वाटलं, संपलं.

आणि आज परत.

मी कंपनीच्या डॉक्टरांना फोन लावला.

"सर, रक्तात शिसं नाही. डाग बाहेरचा आहे. आजही निघेल."

"मॅडम, मला मान्य आहे. पण तो परत का आला?"

"ते बघतेय."

"बघा. उद्या ती इथे कामाला लागली आणि मी तपासणीत निळी रेघ बघितली, तर ती आमच्याकडची की तिची स्वतःची, हे मी कसं ठरवणार? मुलगी हुशार आहे, मलाही ती हवीय. पण कारण माहीत असल्याशिवाय मी फिट लिहिणार नाही."

माणूस कडक होता, पण बोलणं चूक नव्हतं. मी फोन ठेवला आणि खुर्चीजवळ स्टूल ओढला.

"वैशाली, खरं सांग. मिश्री लावतेस?"

उत्तर मावशीने दिलं. "मिश्री? आमच्या घरात? माझी सासू लावायची. ती गेली तेव्हा तिच्याबरोबर डबी पण पाठवली मी!"

"तंबाखू? गुटखा?"

"नाय मॅडम," वैशाली म्हणाली. "वासानं डोकं दुखतं माझं."

"टॉनिक? गोळ्या?"

"काय नाय."

"दात कशाने घासतेस?"

"पेस्टनं. दोन टाइम. हे निळं दिसल्यापासून चार टाइम."

ते दिसतच होतं. घासून घासून हिरडी लाल झाली होती.

"जांभळं खाल्लीस?"

"या दिवसात जांभळं कुठली मॅडम?" जांभळांचं विचारून मी स्वतःचीच शोभा करून घेतली. पाड्यावरच्या मुलीला, तेही गावाकडच्याच मुलीने!

"पेन चघळायची सवय?" दारातून सर म्हणाले. ते दुसऱ्या पेशंटचं काम संपवून आले होते. "माझा मुलगा सीएची परीक्षा देत होता, तेव्हा त्याची जीभ निळी असायची. फेल झाला, पण जीभ निळी."

"पेन बारावीनंतर हातातच नाय घेतला, सर."

"काम काय करतेस?" सरांनी विचारलं.

"काय नाय. घरीच असते."

हाच प्रश्न मीही पंधरा दिवसांपूर्वी विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं. मी मान डोलावून पुढे गेले होते. आता सरांनीही मान डोलावली.

मी पुन्हा दात बघितले. रेघ फक्त उजवीकडे. डावीकडे काही नाही, खाली काही नाही. पाण्यातून किंवा औषधातून काही येत असतं तर ते सगळीकडे दिसलं असतं. सुळ्याच्या शेजारच्या दाताच्या टोकाला एक बारीक खाच होती. पहिल्या वेळी मी ती भाजलेले शेंगदाणे किंवा सुपारी फोडण्याच्या खात्यात टाकली होती. हातांवर बहिणीच्या लग्नातली मेंदी अजून होती, बोटांची टोकं गडद. काहीच सुचेना.

मी लाइट खाली ओढला आणि सरांकडे वळून म्हणाले, "सर, पुन्हा स्केलिंग करते आणि त्यांना म्हणते..."

तेवढ्यात माझी बाही कोणीतरी धरली.

माझ्या अॅप्रनच्या बाहीचं बटण सैल झालं होतं. त्याचा धागा लोंबत होता, बरोबर वैशालीच्या तोंडावर. "मॅडम, धागा," ती म्हणाली, मान जराशी उजवीकडे कलती केली, बाही तोंडाजवळ नेली, आणि कट्! धागा तुटला. ओठांच्या कोपऱ्यातून तिने तो फू करून बाजूला उडवला. हे सगळं इतक्या पटकन, की माझं वाक्यही पुरं झालं नव्हतं.

मी सरांकडे बघितलं. सर माझ्याकडे.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"धागा लोंबत होता."

"अगं, ट्रेमध्ये कात्री आहे."

"धाग्याला कात्री कशाला मॅडम?" तिला खरोखरच प्रश्न पडला होता.

सर पुढे आले. उल्हासनगरात जन्म काढलेला माणूस. त्यांच्या डोळ्यांत चमक आली होती. "बेटी, घरी जीन्सचं काम आहे?"

"काम नाय सर. ते आपलं मावशीचं धागाकटिंग असतं ना, त्याला बसते मी."

"दिवसभर?"

"बाकी काय करायचं? घरीच असते मी."

उल्हासनगरात जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. मशीनवरून जीन्स उतरते तेव्हा तिच्या शिवणींतून, खिशांतून, घडीतून धागे लोंबत असतात. ते कापून माल साफ करायचा म्हणजे धागाकटिंग. टेम्पोतून गठ्ठे घरोघरी पोचतात. बायका दारात चटया टाकून बसतात, गप्पा चालू आणि हात चालू. कापायला छोटा चिमट्यासारखा कटर मिळतो.

"मग कटर का नाही वापरत?" मी विचारलं.

"कटर हाय की," मावशी म्हणाली. "पण कटर उचला, धागा धरा, कापा, कटर ठेवा. दात कुठं शोधायला लागत नाय, मॅडम. जागेवरच असतो. आणि आता ती फाटकी फॅशन आलीय ना, गुडघ्यावर भोकं! त्याचे एवढे धागे, एवढे धागे. नवीन पँट फाडून विकतात आणि आम्ही त्या फाटक्याला नीटनेटकं करतो."

डेनिमचा निळा रंग सुताच्या वरवरच बसलेला असतो. म्हणून नवी जीन्स घालून पांढऱ्या सोफ्यावर बसलात की सोफा निळा होतो. ते धागे दिवसभर थुंकीने ओले होणार, दातांच्या फटीतून सरकणार, हिरडीच्या काठाला घासणार. तिथे जो काही थोडा मळ असतो त्याला रंग लागणार. मी साफ केल्यावर वैशाली त्याच दुपारी पुन्हा चटईवर जाऊन बसली होती. रेघ परत येणार नाही तर काय!

सर म्हणाले, "थांब. आपण समजलो, पण त्या डॉक्टरला पुरावा पाहिजे. मावशी, इथे बसा. तोंड उघडा."

"मी?" मावशीने पिशवी आणखी घट्ट धरली. "मला कुठं नोकरी लागायचीय?"

"उघडा हो."

"पैसे नाय देणार मी तोंड उघडायचे."

"फुकट. उघडा."

मावशीने तोंड उघडलं. मी आधी उजवीकडे बघितलं. काही नाही. मी हिरमुसले. मग दिसलं, तिथे सुळाच नव्हता.

"उजवीकडचा दात कधी गेला?"

"झाली की वर्षं. तेव्हापासून मी डावीकडून तोडते."

मी डावीकडचा ओठ उचलला. निळी रेघ. वैशालीच्यापेक्षा जुनी, जाड, अगदी ठळक. शेजारच्या दाताला तशीच खाच.

सर टाळी वाजवून हसले. मी पण हसले. वैशाली खुर्चीतून उतरून मावशीच्या तोंडात डोकवायला लागली. "मावशे, तुझं तर माझ्यापरीस निळं हाय!"

"आणि मला एका डॉक्टरानं सांगितलं नाय इतकी वर्षं," मावशी म्हणाली.

"दाखवलं होतं कोणाला?"

"दाखवायला दुखायला नको का?"

मावशीच्या साडीला, पदराला, पिशवीच्या पट्ट्याला जीन्सचे धागे चिकटलेलेच होते. मी त्यातला एक उचलला, पाण्याने ओल्या केलेल्या पांढऱ्या गॉजवर घासला. गॉज निळं. वैशालीच्या दातावरून थोडा थर काढून शेजारी लावला. तोच निळा. मग मी तिचे हात उलटेपालटे करून बघितले. मेंदीच्या खाली, नखांच्या कडांना, तोच रंग. इतका वेळ मी तोंडात उजेड पाडत होते आणि उत्तर तिच्या मांडीवर ठेवलेलं होतं.

पुन्हा फोन.

"सर, कारण सापडलं. जीन्सचे धागे. ती दाताने तोडते."

"दाताने?"

"हो. मावशीलाही तशीच रेघ आहे. ती डावीकडून तोडते, तिला डावीकडे."

"मॅडम, हे माझ्या कुठल्या पुस्तकात नाही."

"माझ्याही नव्हतं."

ते हसले. पहिल्यांदाच. "ठीक आहे. आज साफ करा. सोमवारपर्यंत एक धागा तोंडात जायला नको. सोमवारी मी बघतो. जागा स्वच्छ असेल तर कारण लिहून सही करतो."

आता सगळं वैशालीच्या दातांवर नव्हे, तिच्या सवयीवर होतं. मी स्केलिंग केलं, पॉलिशिंग केलं, खाच गुळगुळीत केली म्हणजे तिथे काही अडकू नये. जाताना बजावलं, "एकही धागा नाही."

"नाय मॅडम."

हे बोलताना तिची नजर माझ्या दुसऱ्या बाहीवर होती. मी हात मागे घेतला.

पुढचं मला नंतर मावशीने साभिनय सांगितलं. सणाच्या आधीचा माल होता, घरात बसायला जागा नाही एवढे गठ्ठे. वैशाली मदत करते म्हणून हटून बसली. मग गल्लीतल्या बायकांनी तिच्यावर पहारा ठेवला. हातात कटर दिला, तो नाडीने मनगटाला बांधला. आणि तिची मान जरा जरी कलली की चहूकडून ओरडा, "ए निळे!" समोरच्या सिंधी काकू तर शिलाई मशीनवरून न उठता, खिडकीतून ओरडायच्या. एकदा म्हणे वैशाली नुसती खांद्याला हनुवटी खाजवत होती, तरी तीन जणी ओरडल्या.

सोमवारी संध्याकाळी मी एका आजोबांच्या कवळीचं माप घेत होते. दार उघडलं आणि पेढ्यांचा बॉक्स आधी आत आला, मागून वैशाली. खांद्यावर कंपनीचा नवा युनिफॉर्म, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच.

"झाली सही!"

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बॅटरी लावून लावून बघितलं. म्हणाले, क्लीन. पण मॅडम, काय सांगू तुम्हाला..." ती हसू आवरत म्हणाली, "त्यांच्या कोटाच्या खिशाला धागा लोंबत होता. एवढा लांब! ते माझ्या तोंडाजवळ वाकलेले, आणि तो धागा हलतोय, हलतोय. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. डोळे मिटून घेतले. ते म्हणाले, घाबरू नका. त्यांना काय माहीत!"

आजोबा तोंडात मापाचा साचा घेऊन हसायला लागले. माप बिघडलं, पुन्हा घ्यावं लागलं. त्यांची काही तक्रार नव्हती. पेढा मात्र नंतर खाईन म्हणाले.

पुढच्या रविवारी मावशी गल्लीतल्या बायकांना घेऊन आली. क्लिनिकच्या बाहेर चपलांचा ढीग. कोणाची रेघ उजवीकडे, कोणाची डावीकडे, एकीची दोन्हीकडे. तिच्याबद्दल बाकीच्या कौतुकाने म्हणाल्या, "ती फास्ट हाय." सगळ्यांची हिरडी मी नीट तपासली. रंग निघून गेला की खाली हिरडी निरोगी आहे ना, कुठे न जाणारा डाग किंवा गाठ नाही ना, हे बघणं आमचं खरं काम. सगळ्या ठीक होत्या. मावशीने सरांशी घासाघीस केली, होलसेलचा रेट लावून घेतला. सर मला म्हणाले, "बेटा, मी दुकानदाराचा मुलगा, पण घासाघिशीत ही माझी गुरू."

जाताना एकीला मी सवयीने विचारलं, "तुम्ही काय काम करता?" ती म्हणाली, "काय नाय, घरीच." तिच्या पदराला निळे धागे होते. मला एकदम माझी आई आठवली. भाताच्या आवणीपासून झोडणीपर्यंत शेतात, म्हशी, त्यातून वेळ काढून बदलापूरच्या बाजारात रानभाजी. कोणी विचारलं की तीही हेच म्हणते, आजही.

म्हणून आता मी पेशंटला काम काय करता, असं विचारत नाही. घरी असता म्हणजे दिवसभर काय काय करता, असं विचारते. उत्तर लांबतं, बाहेरचे पेशंट कुरकुर करतात. पण पापड लाटणारी, अगरबत्ती वळणारी, मणी ओवणारी, सुई दातांत धरणारी, सगळ्या आता सापडतात.

आणि अॅप्रनची बटणं पक्की करून घेतली. शिवून वैशालीच्या मावशीनेच दिली. शेवटचा धागा तिने कटरने कापला, पण आधी माझ्याकडे बघून.